सासूबाईंशी बोलणं झालं

कवळ्या बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत प्लास्टरची तोंडं फळीवर ओळीनं मांडलेली असत. वरचा जबडा, खालचा जबडा आणि मागे नावाची चिठ्ठी. मेणात दात बसवायचं काम धाकटीचं. हे तिचं सासरचं नाव. थोरली जाऊ वेगळी होऊन जमाना झाला तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. त्या तोंडांची तिला कधी भीती वाटली नव्हती. अलीकडे मात्र फोन वाजला की त्या तोंडांना कान फुटलेत असं तिला वाटू लागलं होतं.

"ताई, जेवलात का?"

पलीकडचा आवाज रोज असाच सुरू होई. एखाद्या मावसभावाचा असावा तसा मऊ आणि समजूतदार. शिवी नाही, आरडाओरडा नाही, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा येई.

झालं होतं ते साधंच. मध्यंतरी कार्यशाळा काही आठवडे बंद राहिली आणि घरभाडं तुंबलं. नवऱ्याला सांगावं तर तो आणखी एक पाळी करून स्वतःची हाडं झिजवील, म्हणून धाकटीनं फोनवरच्या एका ॲपमधून पगारापर्यंतची उसनवारी केली. कागद नाही, सही नाही, नुसतं बोट टेकवायचं. पगार होताच तिनं ठरलेल्या व्याजासकट सगळं फेडलंही. पण तिनं फेडलेलं त्या आवाजाला कधी पोचलंच नाही. रोज नवा दंड निघे, आणि दंडावर पुन्हा व्याज. मुलीच्या शिकवणीच्या बाई, घरमालक, नवऱ्याचे मित्र, सगळ्यांचे नंबर त्या ॲपनं तिच्या फोनमधून उचलले होते आणि ते त्याच्याकडे होते. "सगळे माझ्यासमोर आहेत, ताई," तो हळूच म्हणे. "फक्त फोन लावायचाय."

धाकटी जेवेनाशी झाली. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाईनं एकदा विचारलंही, पण धाकटीनं पित्तावर ढकललं. ती बाई तरी कुठं बोलकी होती? तिचा स्वतःचा फोन सदा पालथा पडलेला असे.

मग एका दुपारी घरी कपाटातून घरघर ऐकू आली. धाकटी एकटीच होती. तिनं खण उघडला. सासूबाईंचा फोन थरथरत होता. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सासरे तो फोन अजून चार्ज करून ठेवत, पुसून पुन्हा खणात ठेवत, आणि त्यावरून त्यांना कुणी काही बोलत नसे. धाकटीनं खण लावून टाकला. घरघर बराच वेळ चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत नेहमीचा फोन आला.

"ताई, जेवलात का? आत्ताच तुमच्या सासूबाईंशी बोलणं झालं. फार रडत होत्या हो. सुनेनं घराची अब्रू घालवली म्हणाल्या."

धाकटीच्या हातातला दात मेणात वाकडा बसला. आपल्याला वेड लागतंय असं तिला वाटलं, कारण सासूबाई असत्या तर अगदी हेच म्हणाल्या असत्या! समोरच्या फळीवरचं एखादं तोंड आता त्यांच्या आवाजात बोलू लागेल, या भीतीनं ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाली.

सासरे खिडकीशी बसले होते आणि तो फोन त्यांच्या मांडीवर होता.

"हिचा फोन वाजला सकाळी," ते म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदाच मी उचलला. बोलायला शब्द फुटेना. तर तो मलाच आई, आई म्हणत सुटला आणि तुझ्याबद्दल सांगत बसला. शेवटपर्यंत मी हूं की चूं केलं नाही, सूनबाई."

धाकटीनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. सासरे रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावलेही, पण तिच्यावर नाही.

"मी जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली," ते म्हणाले. "पण कोटावर बिल्ला नसेल तर कुणाकडे तिकीट मागायचा हक्क मलाही नव्हता. याचा बिल्ला तू बघितलास का? आणि ज्याला मेलेलं माणूस कळत नाही, त्याला तुझ्या घरातलं काय कळतंय? त्याच्याकडे नुसती नावं आहेत. भीती तुझी तू घालतेस त्यात."

संध्याकाळी फोन आला तेव्हा नवराही शेजारी बसला होता. त्याला सगळं सांगून झालं होतं, आणि आधी का नाही बोललीस एवढंच तो म्हणाला होता. धाकटीनं फोनचा आवाज मोठा केला.

"घेतलेलं मी फेडलंय, पावती आहे. तुम्ही मागताय ते मला मान्य नाही. हिशोब लेखी पाठवा, आणि तुमच्या सावकारी परवान्याचा नंबर सांगा."

"ताई, सासूबाईंचा तरी विचार करा. आज पुन्हा—"

"त्या वारल्यात. वर्ष झालं."

पलीकडे शांतता पसरली. त्या शांततेत मागून कितीतरी मऊ आवाज ऐकू येऊ लागले. कुणी ताई म्हणत होतं, कुणी दादा, कुणी काका. मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि तोच माणूस त्याच मायेनं पुन्हा सुरू झाला.

"ताई, जेवलात का?"

धाकटीनं फोन ठेवला. सकाळी नवऱ्याला घेऊन ती सावकारीचे परवाने देणाऱ्या कार्यालयात गेली. त्या ॲपच्या नावाच्या सावकाराला कुणी परवाना दिलेलाच नव्हता. तिनं तिथं तक्रार दिली, पोलिसांत दिली, आणि फोनमधल्या माणसांना एकेक करून स्वतःच फोन लावून सगळं सांगितलं. दोघांनी उपदेश पाजला, एकानं कुजकट हसून घेतलं. तेवढंच. ज्या बदनामीच्या धाकानं ती सुकत चालली होती, ती एवढीशी निघाली.

वाचकहो, परवाना नसलेल्या सावकाराचं खरं भांडवल पैसा नसतं, आपलं गप्प राहणं असतं. अडचणीत उसनं घेणं हा गुन्हा नाही. घ्यायच्या आधी परवाना विचारा, आणि चुकून फसलात तर पहिल्याच दिवशी घरात बोला.

शेवटी राहिली पॉलिशवाली. तिचा नंबरही त्या यादीत होताच, म्हणून धाकटीनं तिलाही सारं सांगितलं. तेवढ्यात तिच्या टेबलावरचा पालथा फोन थरथरायला लागला. तिनं तो सुलटा केला, उचलून आवाज मोठा केला आणि धाकटीपुढे धरला.

"ताई, जेवलात का?"

धाकटीनं हातातलं मेण खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"तूच बोल," ती म्हणाली. "मी आहे इथं."