खुडूक कोंबडीची गावपळण

देवाने कौल दिला आणि गाव रिकामं करायचं ठरलं. चार वर्षांतून एकदा, मार्गशीर्षात, ही गावपळण होते. नगारा वाजला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी शिवेबाहेर पडायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही, कोणी राहायचं नाही. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. कोणी म्हणतं भुताखेतांना मोकळीक, कोणी म्हणतं जमिनीला विश्रांती. पण गणपतीला रजा न मिळणारी मुंबईची माणसंसुद्धा गावपळणीला बरोबर उगवतात. झावळ्यांच्या झोपडीत राहून, देवाच्या नावाने तीन दिवस खाडीचे मासे खायची सोय दुसऱ्या कुठल्या सणात नाही.

अक्षयाने मात्र मागे राहायचं ठरवलं होतं.

ती वीस वर्षांची. कणकवलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणजे पटावर होती. जुलैपासून ती कॉलेजात गेली नव्हती आणि दिवाळीनंतर खोलीबाहेरही फारशी येत नव्हती. जुलैत तिचा धाकटा भाऊ निकेत लेप्टोच्या तापाने गेला. लावणीच्या चिखलातून घरी आला तेव्हा त्याला कणकण होती, पोटऱ्या फार दुखतात म्हणाला. अक्षया पंख्याखाली वाचत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "कबड्डी जरा कमी खेळ." पोटऱ्या दुखणं हे लेप्टोचं लक्षण तिने आदल्याच सत्राच्या परीक्षेत लिहिलं होतं. त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते.

नंतर डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की पहिल्या दिवशी हा ताप त्यांनाही ओळखता आला नसता. ते तिने ऐकून घेतलं. पटलं नाही.

आता तिला रडू येत नसे. भूक, झोप, राग, सगळंच हळूहळू बंद पडत गेलं होतं आणि त्या जागी एकच विचार येऊन बसला होता: आपण नसलो तर बरं. गाव परत येईल तेव्हा आपण असू की नसू, या प्रश्नाने ती घाबरत नव्हती. आपण घाबरत नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं होतं आणि त्याने ती थोडी दचकली होती.

मागे राहणं तिला अवघड गेलं नाही. दर गावपळणीला घर दोन ठिकाणी विभागलं जाई. बाबा, म्हणजे सत्यवान, म्हैस घेऊन खाडीपलीकडे जात, कारण तिथे चारा होता आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला पाणी. आई, रुक्मिणी, वाडीतल्या लोकांबरोबर व्हाळापलीकडच्या, म्हणजे शिवेवरच्या ओढ्यापलीकडच्या, काजूच्या बागेत. अक्षयाने आईला सांगितलं की मी बाबांबरोबर होडीतून जाते, आणि बाबांना सांगितलं की मी आईबरोबर आहे. दोघांनाही इतका आनंद झाला की पोरगी आपणहून बाहेर पडतेय, की त्यांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. विचारलं आणि तिने बेत बदलला तर, अशी दोघांना धास्ती.

दुपारी बाराला नगारा वाजला. खिडकीच्या फटीतून तिने गाव जाताना पाहिलं. डोक्यावर गाद्या, हातात कंदील, एकाच्या खांद्यावर चक्क मिक्सर. कुठल्याशा काकीने मांजराला उशीच्या अभ्र्यात घातलं होतं आणि अभ्रा तिला शिव्या देत होता. मग आवाज कमी होत गेले आणि थांबले.

इतकी शांतता अक्षयाने कधी ऐकली नव्हती. पंप नाही, टीव्ही नाही, मच्छीवाल्याचा भोंगा नाही. ती खाटेवर पडून राहिली. अर्ध्या तासाने, सवयीनेच, ती आवाज मोजू लागली. माडांची सळसळ, एक. कोतवाल पक्षी, दोन. फार लांबून समुद्र, तीन. आणि चौथा एक आवाज होता, जो असायला नको होता: दबका, चिडका, थोड्या थोड्या वेळाने येणारा.

तिने त्याकडे दुर्लक्ष करून पाहिलं. जमलं नाही. कुठून येतोय हे कळेपर्यंत आता दुसरं काही सुचणार नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

आवाज शेजारच्या मांगरातून येत होता. मांगर म्हणजे गवत, लाकडं ठेवायची शेड. ती मथुराकाकी आणि यमुनाकाकी या दोन जावांची सामायिक होती, आणि दोघींमधलं तेवढंच सामायिक उरलं होतं. कोपऱ्यात भाताच्या तुसाच्या टोपलीत एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. खुडूक. पिसं फुगवून ती अक्षयाकडे असं बघत होती, जणू उशीर झाल्याचा जाब विचारतेय.

काय झालं असेल ते अक्षयाला लगेच कळलं. कोंबडी मथुराकाकीची, अंडी यमुनाकाकीची. पिल्लं निम्मी निम्मी, असा त्यांचा करार आठवड्यापूर्वी सगळ्या वाडीने ऐकला होता, कारण तो एकमेकींकडे न बघता, आपापल्या अंगणातून ओरडूनच झाला होता. आता जिची कोंबडी तिला वाटलं अंडीवाली नेईल आणि जिची अंडी तिला वाटलं कोंबडीवाली नेईल. विचारायला जाणार कोण? बोलणं बंद होतं.

पाण्याची करवंटी कोरडी होती. कोंबडी दिवसातून एकदा अंड्यांवरून उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, परत बसते. तीन दिवस पाणी नसेल तर एक तर ती अंडी सोडेल, नाही तर बसल्या जागी मरेल. शिवाय मुंगूस. आणि गावात तर चारी बाजूंना मुंगसांची आता चंगळ.

अक्षयाने करवंटी भरली. कोंबडी उठली, आधी तिच्या मनगटाला एक टोच मारली आणि मग पाणी प्यायली. अक्षयाने अंडी मोजली. अकरा. हाताला ऊब लागली. तिने विचार केला, आपण इथेच आहोत, आपणच देऊ पाणी. आणि तिथेच ती अडली. उद्या पाणी द्यायला उद्या असावं लागणार होतं. परवाही. हे ती कोंबडीला नक्की सांगू शकत नव्हती.

मांगराच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने टोपलीवर ओढणी बांधली, टोपली पोटाशी धरली आणि धक्का बसू नये म्हणून सावकाश व्हाळाकडे चालू लागली.

काजूच्या बागेत जेवणं आटपली होती. व्हाळातून ढोपरभर पाण्यातून येणारी मुलगी आधी पोरांनी पाहिली, मग बायकांनी. नगारा वाजून दोन तास झाल्यावर गावातून कोणी बाहेर येणं, हे कोणाच्या आठवणीत झालं नव्हतं. आई भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनीच उठून उभी राहिली.

"तू होडयेन गेलंस मां?" एवढंच ती म्हणाली.

तोवर मथुराकाकीने टोपली ओळखली होती. यमुनाकाकीनेही. दोघी दोन बाजूंनी आल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच एकमेकींशी सरळ बोलल्या.

"माझी कोंबडी मरूक सोडलंस गो?"

"कोंबडी तुझी, तर न्हेवची कोणी? मी तुझ्या कोंबडयेक हात लावलंय तर तू माका चोर म्हणतलंस."

"म्हणतलंयच. पण न्हेवची होतीस."

म्हाताऱ्या महादू मानकऱ्याने काठी आपटून दोघींना गप्प केलं. त्याच्यापुढे खरा पेच होता. नगारा वाजल्यावर मागे कोणी राहिलं, म्हणजे देवाची मर्यादा मोडली. असं झालं तर काय करायचं ते त्याच्या बापाने त्याला सांगितलं नव्हतं, कारण असं कधी झालंच नव्हतं. त्याने दाढी खाजवली. मग त्याने अक्षयाला टोपलीसकट समोर उभं केलं, व्हाळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला घेतलं. तो एकेक वाक्य देवाला सांगणार आणि जमलेल्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या सत्यवानाचा चेडू आज मागे रवला."

"व्हय म्हाराजा," सगळी बाग म्हणाली.

"रवला ता रवला, पण एक मुका जनावर घेवन भायर इला."

"व्हय म्हाराजा."

"तेका काय दुखला-खुपला आसात, ता आमका कळना नाय. तुका कळता."

"व्हय म्हाराजा."

"तर तेची राखण कर. तेका आमच्यात ठेव. आमका ता होया आसा."

दीडशे माणसं, मुंबईचे चाकरमानी, शाळेची पोरं, अजून एकमेकींकडे रागाने बघणाऱ्या दोन जावा, सगळे एका दमात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

अक्षयाचा देवावर विशेष विश्वास नव्हता. पण आपण हवे आहोत, याला दीडशे होकार तिने कानांनी ऐकले होते. टोपलीतल्या कोंबडीने त्याच क्षणी पाठीमागचा कार्यक्रम उरकला, ओढणी खराब झाली आणि पोरं खिदळली.

चार वाजता तिला कामाला लावलं गेलं. अंडी गार पडली का, हा जावांचा नवा वाद होता आणि सायन्सवालीने निकाल द्यावा असं ठरलं. अक्षया म्हणाली, अंधार पाहिजे. भर दिवसा अंधार आणायचा कुठून? शेवटी झोपडीत एका जाड सोलापुरी चादरीखाली तिघी शिरल्या: अक्षया, मथुराकाकी, यमुनाकाकी. आतला वास तंबाखू, खोबरेल आणि कोंबडीचा होता. अक्षयाने मोबाइलची बॅटरी लावून त्यावर अंडं धरलं. कवच नारिंगी उजळलं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मधला काळा ठिपका हलला.

"हलला," यमुनाकाकी कुजबुजली. "मथुरा, बघलंस?"

"बघतंय मां. डोके बाजूक कर."

अकरांपैकी नऊ जिवंत होती. दोन नुसतीच पारदर्शक. ती तुझी, असं दोघींनी एकमेकींना एकाच वेळी सांगितलं. आणि चादरीखाली अक्षया हसली. आवाज नीट निघाला नाही, गंजलेल्या कडीसारखा निघाला, पण हसूच होतं. चादरीबाहेर बसलेल्या आईने तो ऐकला.

काक्या कोंबडीची जागा ठरवायला गेल्या तेव्हा झोपडीत दोघीच उरल्या. आई तिच्या केसांतलं तूस वेचत होती. ती काही विचारत नव्हती. दिवाळीपासून ती अशीच न विचारता दाराबाहेर ताट ठेवून जात होती. चुकीचं काही बोललो आणि पोरगी आणखी मिटली तर, या भीतीने. अक्षयाला वाटत आलं होतं, आईला माहीत आहे की चूक माझी, म्हणून बोलत नाही.

"आई," ती म्हणाली, "मी मुद्दाम रवलंय."

आईचे हात थांबले.

"माका जगूकच नको असा वाटता. बरेच दिवस वाटता. त्या दिवशी निकेतच्या पोटऱ्या दुखत होत्या, आणि मी..." पुढचं तिने सगळं सांगितलं. परीक्षेतला प्रश्न, गुण, कबड्डी. कोणालाही न सांगितलेलं हे सांगायला जेमतेम चार मिनिटं लागली.

आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "त्याच राती तो माका पण म्हणालो, पोटऱ्या दुखतत. मी तेल लावन दिलंय." तिने अक्षयाची हनुवटी वर केली. "तेल लावलंय म्हणान तू माका दोष दितलंस?"

अक्षयाने मान हलवली. नाही.

"मगे स्वतःक खंयच्या हिशोबान दितंस? बरा झाला सांगितलंस. आता तुका एकटी नाय ठेवूचंय."

आईने बाबांना फोन लावला. बाबा अंधार पडायच्या आत आले, होडीने नव्हे तर पुलावरून लांबचा वळसा घेऊन, आणि म्हशीसकट, कारण म्हैस मागे कोणावर सोडायची हा प्रश्न होता. त्यांनी म्हैस काजूला बांधली, अक्षयाजवळ येऊन बसले आणि तिचा हात हातात घेऊन बसूनच राहिले. म्हशीने यमुनाकाकीच्या झोपडीची एक बाजू चघळली. त्यावरून जो गोंधळ झाला तो निवळायला जेवणाची वेळ झाली.

कणकवलीची एसटी शिवेबाहेरच्या फाट्यावरून जाते. तिसऱ्या दिवशी तिघं त्याच एसटीने मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी अक्षयाला तासभर ऐकलं, या आजाराला नाव आहे आणि उपचारही आहेत असं सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि गोळ्या आईने सांभाळाव्यात असं आईलाच समजावलं. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, असंही त्या म्हणाल्या. अक्षयाने कारण विचारलं. बाईंनी कागदावर दोन पेशी काढून ते सांगितलं, अर्धं कळलं, अर्धं तिला वाचून काढावं लागणार होतं. येताना बाबांनी बाजारातून सुरमई घेतली आणि खाडी असताना विकतचा मासा आणला म्हणून बागेत सगळ्यांची बोलणी खाल्ली.

त्या रात्री तिला झोप काही चांगली लागली नाही. तो जुना विचार पहाटे परत आला. पण आता कूस बदलली की आईची पाठ लागत होती, आणि विचार आलाय हे सांगायला कोणीतरी होतं. तिने सांगितलं. आईने "बरा" म्हटलं आणि तिच्यावर हात टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी महादू देवाचा कौल घ्यायला बसला. परत जायची परवानगी मिळणार म्हणून लोकांनी गाद्याही बांधल्या होत्या. कौल मिळाला नाही. देवाने आणखी एक दिवस बाहेर राहायला सांगितलं. चाकरमान्यांनी कपाळाला हात लावला आणि ऑफिसला काय कळवायचं यावर चर्चा सुरू केली. शाळेची पोरं नाचायला लागली.

आईने बांधलेली वळकटी हातात धरून अक्षयाकडे पाहिलं. गर्दीत, झोपडीत, लोकांच्या नजरेखाली आणखी एक दिवस पोरीला झेपेल का, हे तिला कळत नव्हतं.

"चलात मां तुका?" तिने विचारलं.

अक्षयाने खरोखर विचार केला. पाणी आणायचं होतं. चादरीखाली बघायला आज पोरांनी रांग लावली होती. यमुनाकाकीच्या झोपडीची बाजू परत विणायची होती.

"एकच दिवस ना?"

"आता तरी एकच म्हणता देव."

"मगे रवया," अक्षया म्हणाली, आणि आईच्या हातातून वळकटी घेऊन सोडायला बसली.