सात वर्षांचे श्वास

गोवंडीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात संघमित्रा नर्स होती. डंपिंग ग्राउंडच्या कडेला राहणाऱ्या मुलांना ती दर महिन्याला श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायला लावायची आणि आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायची. अशी सात वर्षं झाली. तिथल्या कचऱ्याच्या धुराबद्दल कोर्टात सुनावणी होती, आणि दवाखान्याच्या डॉक्टर वसुधा तिथे हेच आकडे मांडणार होत्या.

कॉम्प्युटर जुना होता. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवून दिली होती सुयोगने, तिच्या शाळेतल्या मित्राने. तो आता मरोळच्या एका कारखान्यात होता. बाहेरच्या डिस्कवर रोज बॅकअप लाव आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल परत काढून बघ, असं त्याने बजावलं होतं. बॅकअप तिने लावला. रोज हिरवी खूण यायची, म्हणून काढून बघणं राहूनच गेलं.

सोमवारी स्क्रीनवर इशारा आला, डिस्क निकामी होत आहे. बाहेर बायका मुलं घेऊन खोळंबल्या होत्या. तिने इशारा बंद केला. मंगळवारी तो पुन्हा आला. बुधवारी यादी उघडायला चार मिनिटं लागली. गुरुवारी सकाळी मशीनमधून टक्, टक् आवाज सुरू झाला. तपासायला आणलेलं एक मूल फुंकायचं सोडून तिकडे बघत राहिलं.

तिने सुयोगला फोन लावला.

"आत्ता बंद कर," तो म्हणाला. "आणि परत चालू करू नकोस. मी येतो."

पण सुनावणी चार दिवसांवर होती. निदान प्रिंट तरी काढू म्हणून तिने यादी उघडली. अर्ध्यावर सगळं थिजलं. तिने बटण दाबून मशीन पुन्हा सुरू केलं. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या, आणि आवाज थांबला.

दुपारी सुयोगने बॅकअपची डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. त्याने एकेक फोल्डर उघडून बघितला.

"यात फक्त सिस्टिम आहे गं. तुझं काम ज्यात साठतं तो होम फोल्डर तू निवडलाच नव्हतास. तुझ्या फाइली इथे एकदाही आलेल्या नाहीत."

मग हिरवी खूण कसली, तिने विचारलं. सांगितलं तेवढं केल्याची, तो म्हणाला.

बिघडलेल्या डिस्कवरून त्याने दोन दिवस खपून तुकड्यातुकड्याने चार वर्षं वाचवली. शेवटची तीन गेली. मुलांचे आकडे सगळ्यात जास्त घसरले होते ते त्याच तीन वर्षांत. वसुधा रागावल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

पालकांकडे दर महिन्याचा आकडा लिहिलेली तपासणीची कार्डं असायची. संघमित्रा ती मागत दारोदार फिरली. काही घरं उठून गेली होती, काही कार्डं भिजून पुसली होती. शिवदासने मात्र नातवाची, सम्यकची, सगळी कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती.

"तुमच्याकडे होतं ना हे सगळं?" त्याने विचारलं.

"होतं. माझ्या चुकीने गेलं."

त्याने पिशवी तिच्या हातात दिली. आत झोपलेल्या सम्यकचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. तिने त्याला उठवून नळी दिली. आकडा मागच्या कार्डापेक्षा बराच खाली आला. तिने तो पेनाने लिहिला.

"किती?" शिवदासने विचारलं.

तिने सांगितला.