शेवटच्या रांगेपर्यंत

पातेल्यावरचं झाकण टणकन वाजलं आणि इतका वेळ श्वास धरून बसलेल्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

हर्षलने कानावरचे हेडफोन खाली ओढले. एरवी तो लग्नांचं शूटिंग करायचा; असं मुकं रेकॉर्डिंग त्यालाही नवीनच होतं.

"छत्तीस सेकंद झाले होते," तो म्हणाला. "पुन्हा करा लागते."

"वरणाले काय मालूम तुमचं शूटिंग," सिंधूताईंनी पदराने झाकण सरकवलं. "पोरी, मले एक सांग. कोणी काहीच बोलत नाई, त्याचंही रेकॉर्डिंग करा लागते का?"

"लागते ताई," निशिगंधा म्हणाली. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती मग बोलण्याच्या खाली लावतात."

"आमच्या नाटकात शांतता पडली की प्रॉम्प्टरच्या पोटात गोळा येत जाय."

ओट्याखाली बसलेली पाच वर्षांची अर्पिता खुदकन हसली. निशिगंधाही हसली, पण लेकीइतकं मोकळं तिला हसता आलं नाही.

खामगावच्या नाट्यमंडळात ती नऊ वर्षं सिंधूताईंसोबत उभी राहिली होती. आवाज कसा टाकायचा, रडताना चेहरा कुठे ठेवायचा, टिकली केवढी लावायची, सगळं त्यांनीच शिकवलेलं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे, हे त्यांचं एकच सांगणं. अर्पिताच्या वेळी निशिगंधाचं स्टेज सुटलं. ती सवयीची ठसठशीत मरून टिकली मात्र कपाळावर राहिली. मग पोर निजली की दुपारच्या तासाभरात ती मोबाइलवर एडिटिंग शिकली, आणि आज तिची पहिली फिल्म डोणगावात, सिंधूताईंच्या स्वयंपाकघरात उभी होती. वीस मिनिटांची. नायिका अर्थात सिंधूताई.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. लेक या दिवाळीलाही येणार नाही, एवढं फोनवर ऐकायचं आणि डाळ निवडता निवडता म्हणायचं, "बरं, राहू दे." सकाळपासून सात वेळा झालं. सातही वेळा ते "राहू दे" ताटावरून उठलं, अंगण ओलांडून गेलं आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसलं. दरवेळी निशिगंधाच्या ओठांवर "ताई, जरा कमी" असं यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं.

बाहेर पिठाची गिरणी सुरू झाली. "थांबवून येतो," म्हणत हर्षल चपला घालून गेला. थोड्या वेळात गिरणीचा आवाज थांबला.

सिंधूताईंनी मान मोडली. "ते लाल बत्ती बंद कर आधी. ती दिसली की मले तिसरी घंटा झाल्यासारखं वाटते. दोन घडी बसू दे साधं."

"हो ताई."

त्यांच्याकडे पाठ करून निशिगंधा कॅमेऱ्यासमोर वाकली. हात बटणाकडे गेला. मग कपाळाकडे. ती बाजूला झाली तेव्हा लाल दिवा दिसत नव्हता.

"झाली बंद," ती म्हणाली आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. त्याच्या छोट्या पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे पुढे सरकतच होते.

सिंधूताईंनी ताट जवळ ओढलं. पदरात खोचलेला बारका माइक त्या विसरूनही गेल्या होत्या.

"सात सात डाव घेतलेस. माहंच चुकून राह्यलं ना?"

"नाई ताई."

"मले समजते वं." बोटं डाळीतून फिरत राहिली. "मागच्या वर्षीचा प्रयोग तू पाहला नाई, ते बरं झालं. दुसऱ्या अंकात मी उभीच राह्यली. प्रॉम्प्टरनं तीनदा वाक्य देलं. ऐकू येत होतं. पण ते वाक्य कोणाचं हाये, तेच समजत नव्हतं." एक खडा सापडला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "लोकायले वाटलं, मी मुद्दाम थांबली. टाळ्या पडल्या. अन् मी, पोरी, त्या टाळ्यायले वाकून नमस्कार केला."

आवाज इतका खाली आला होता की पहिल्या रांगेतही पोचला नसता. पडद्यावर तो चेहरा निशिगंधाला असा दिसत होता, जसा नऊ वर्षांत एकदाही दिसला नव्हता. तिचं बोट बटणावर गेलं. तिथेच राहिलं.

"कोणाले सांगू नको मात्र."

"नाई सांगत."

"काय सांगायचं म्हणा आता," सिंधूताईंनी ताट जरासं हलवलं. "राहू दे."

तेच दोन शब्द. जसे हवे होते, तसेच.

अंगणात चपला वाजल्या. हर्षल दारातूनच म्हणाला, "दहा मिनिटं बंद ठेवतो म्हणे गिरणीवाला."

सिंधूताई पदर सावरून ताठ बसल्या. "चाल, लाव तुही मशीन. आता देते बरोबर."

"राहू द्या ताई. झालं आपलं."

"झालं? कधी?"

"सकाळचाच चांगला होता. पहिला."

सिंधूताईंचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हती? माहा पहिला डाव पक्का असते. तुमचंच समाधान होत नाई." उठता उठता त्यांची नजर निशिगंधाच्या कपाळावर थांबली. "अन् टिकली कुठं पाडली वं?"

"पडली असंन घामानं."

"अशा मोकळ्या कपाळानं जाशीन का माह्या घरून?" त्यांनी आरशामागचं आपलं पाकीट काढलं, एक टिकली सोडवली आणि स्वतःच्या अंगठ्याने तिच्या कपाळावर दाबली. अंगठ्याला डाळीचा वास होता. निशिगंधाने डोळे खाली घातले. दाबता दाबता सिंधूताई म्हणाल्या, "तू नेलं तं नेलं मले शिनेमात. बाकी कोण विचारते आता."

ओट्याखालून निघून अर्पिता कॅमेऱ्यासमोर टाचा उंचावून उभी होती. तिने नखाने काहीतरी खरवडलं. तिच्या बोटावर लाल उजेड पडला.

"आई, तुही टिकली इथं हाये," ती म्हणाली. सिंधूताईंचा अंगठा अजून कपाळावरच होता. "याले काऊन लावली होती?"