गुठळ्या

मिश्रणखोलीची किल्ली एकवीस वर्षं सासूबाईंच्या कमरेला होती आणि त्यातली सतरा वर्षं थोरली सून त्या किल्लीकडे बघत आली होती. रंगांच्या त्या छोट्या कारखान्यात किल्ली ज्याच्याकडे, त्याचा शब्द शेवटचा. आता सासूबाईंचे गुडघे जिना चढू देईनात. सकाळी चहा पिता पिता त्यांनी निकाल लावून टाकला होता. धाकटीची पूड आज तडेवाल्यांना पसंत पडली तर किल्ली धाकटीला. नाही पडली तर थोरलीला, आणि पुडीचं खूळ बंद.

तडेवाले म्हणजे यंत्रांच्या भागांतले डोळ्यांना न दिसणारे तडे शोधणारे गृहस्थ. त्यांना जांभळ्या दिव्याखाली उजळणारा रंग हवा होता. धाकटीची पांढरी पूड त्या दिव्याखाली हिरवीगार व्हायची. धाकटी रसायनशास्त्र शिकून आलेली. बोलायला गोड, सांगायला कंजूष.

"ताई, बाटलीला हात लावू नका हं," एवढंच म्हणून ती तडेवाल्यांना आणायला गेली.

हात लावू नका म्हटल्यावर न लावण्याची सवय थोरलीला नव्हती, नवऱ्याला विचारा. तिने झाकण उघडलं. आत सगळ्या गुठळ्या. थोरलीला हसूच आलं. या खोलीतला पहिला धडा तिला सासूबाईंनीच दिला होता: उजळणाऱ्या रंगाची दाटी झाली की उजेड मरतो, त्याला मोकळा करा, मग बघा. शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये? आपण पूड मोकळी करायची आणि सगळ्यांसमोर सहज म्हणायचं, "मीच जरा सुधारली हो." किल्लीचं तोंड तेवढ्याने आपल्याकडे वळलं असतं.

तिने सगळी पूड काचेच्या भांड्यात टाकली, वर ॲसिटोन ओतलं, कांडीने ढवळलं. एकही गुठळी उरली नाही. मग पडदा ओढून जांभळा दिवा लावला.

काही नाही. भांड्यात नुसतं पाण्यासारखं पाणी.

तिने अजून ॲसिटोन ओतलं, अजून ढवळलं. सुधारायला गेले आणि मारून ठेवली. तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं.

जिना चोवीस पायऱ्यांचा, आणि सासूबाईंची पावलं सावकाश वर येत होती. पहिल्या दहा पायऱ्यांत थोरलीने ठरवलं की सांगून टाकायचं. पुढच्या सहांत तिला आठवलं की पूड उजळली नाही तर किल्ली कोणाची. उरलेल्या आठांत तिने भांडं मोरीत उलटं केलं, घाईत निम्मं हातावर सांडलं, बाटलीत खडूची भुकटी भरली, वर चिमटीने दोन-चार गुठळ्यासुद्धा करून ठेवल्या. साबणाने दोनदा हात धुतले.

सासूबाई धाकटीच्या खांद्याला धरून वर आल्या. मागे तडेवाले.

"का गं, घाम का आलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"उकडतंय, आई."

"पंखा तर चालू आहे."

धाकटीने बाटली टेबलावर ठेवली, पडदा ओढला, दिवा लावला. जांभळ्या प्रकाशात खडू खडूसारखाच पडून राहिला. धाकटीने बाटली हलवली. पुन्हा हलवली.

"सकाळी उजळत होती," ती म्हणाली. तिचा आवाज थोरलीने इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"माझ्याकडे येणारा प्रत्येक माल सकाळी उजळलेला असतो," तडेवाले म्हणाले.

थोरलीच्या घशात वाक्य तयार होतं. दोनच शब्दांचं. ते ओठांपर्यंत आलंही, पण तेवढ्यात अंधारात किल्ली खुळखुळली. सासूबाईंना निर्णय शिळा केलेला आवडत नसे.

"ठरलं ते ठरलं. घे गं."

किल्ली टेबलावरून, दिव्याखालून, थोरलीकडे आली. थोरलीने हात पुढे केला.

चारही बोटं हिरवी पेटली. नखांच्या कडा, पेरांवरच्या घड्या, तळव्यावरची एकेक रेघ. किल्ली जागच्या जागी थांबली.

मग धाकटीच म्हणाली, अगदी सावकाश, "विरघळली की विझते ती, ताई. मेलेली नसते. ॲसिटोन उडून गेलं आणि कण पुन्हा एकमेकांना चिकटले की उजळते. नेहमीच्या रंगांच्या उलटं आहे तिचं."

"मला काय माहीत," थोरली म्हणाली.

"सांगितलं नाही खरं. ती चूक माझी."

"तुझी तेवढीच," सासूबाई म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. "सांगणार होतीस?"

"हो, आई."

"कधी?"

थोरलीने हात मागे घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात तडेवाल्यांनी तिचं मनगट धरलं आणि खिशातून भिंग काढलं.

"हलू नका, बाई. हात धुतले होते?"

"दोनदा."

"साबणाने?"

"साबणाने."

"आणि तरी प्रत्येक भेगेत बसून राहिलंय." ते हातावर इतके वाकले की त्यांचा श्वास तिच्या तळव्याला लागला. "वरचं सगळं गेलं, भेगेतलं तेवढं राहिलं. अहो, मला हेच तर हवं होतं. किती दिवसांत पुन्हा बनेल?"

"नऊ," धाकटी म्हणाली.

टेबलापलीकडे किल्ली सासूबाईंच्या हातातून धाकटीच्या हातात गेली. थोरलीने तिकडे पाहिलं नाही. आवाजावरून तिला कळलं.

"ताई," धाकटी म्हणाली, आता पुन्हा गोड, "दुसराही हात दाखवता का त्यांना?"