आईच्या प्रार्थनेतला हॅथ

मित्रांनो, मी एक जुने इंग्रजी क्रियारूप आहे. माझे नाव हॅथ. आज तुम्ही जिथे ‘हॅज’ म्हणता, तिथे एके काळी मी नांदत असे. ‘तिच्याजवळ आहे’, ‘त्याने दिले आहे’, असे दोन्ही अर्थ मी सांभाळत असे. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्याकडे माझे जाणे-येणे नव्हते. तो, ती आणि ते, एवढेच माझे घरचे. मला उच्चारताना जीभ दातांना हलकेच टेकते आणि शेवटी नुसती फुंकर उरते.

मग हॅज आले, चटपटीत, घाईचे. बाजारातून, कचेऱ्यांतून मी निघाले. आता कुणी थट्टेने मला बोलण्यात आणतो, आजोबांचा कोट घालून मिरवावे तसे. बाकी मी जुन्या कवितांत आणि प्रार्थनांत डुलत असते.

अशाच एका जुन्या इंग्रजी प्रार्थनेत एक म्हातारी आई मला रोज सकाळी जागे करी. प्रार्थना न अडखळता सलग म्हणून झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही, हे तिचे व्रत. तिची नजर मंदावली, म्हणून लेकीने मोठ्या अक्षरांत प्रार्थना टाइप करून दिली. लेक छापखान्यात मुद्रिते तपासणारी. चुका काढायची सवय बोटांतच मुरलेली. मायेने तिने मला पुसून सगळीकडे हॅज बसवले.

सकाळी आई ‘ज्याने हा उजेड दिला आहे’ या ओळीपाशी आली आणि अडखळली. जिभेवर मी, डोळ्यांपुढे हॅज. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. उन्हे खिडकीवरून जमिनीवर उतरली.

“अगं आई, दोन घास खा, मग म्हण.”

“आणि व्रत? ते काय तुझ्या छापखान्यातून दुसरं छापून आणू?”

“जुनाट शब्द तेवढे काढलेत गं.”

“मग मलाही काढ की त्यांच्याबरोबर!”

लेक हसली, पण आईचे ओठ पांढरे पडलेले तिला दिसले. तिने पेन घेतले आणि प्रत्येक हॅजवर काट मारून मला ठळक लिहिले.

आईचे बोट ओळीवरून सरकत माझ्यापाशी आले. जीभ दातांना टेकली. फुंकर होऊन मी त्या उन्हात तरंगत गेले आणि माझ्यामागून उरलेली प्रार्थना सलग वाहत आली.

“आण आता दूध,” आई म्हणाली. “साय तू खाऊ नकोस.”

मित्रांनो, मला रोजच्या बोलण्यात ओढू नका. तिथे हॅज सुखाने राहो. फक्त जुन्या ओळीतून मला पुसण्याआधी, ती ओळ रोज कोण म्हणते, तेवढे विचारा.