सुनेची हमी

आमची सून संशोधन करते. म्हणजे डोंगरापलीकडच्या आदिवासी बायकांशी कॉम्प्युटरवर बोलते, आणि तेवढा वेळ मला मिक्सर लावायला बंदी असते. त्या दिवशी तर तिने सकाळीच बजावलं, "आई, आज त्या नाही म्हणाल्या तर माझं सगळं काम बंद पडेल. प्लीज, तेवढा वेळ इकडे येऊ नका."

मी कशाला जाते? पण माझा चष्मा नेमका तिच्या मागच्या कपाटावर राहिला होता. वाकून, भिंतीला चिकटून गेले, तरी कॅमेऱ्यात दिसलेच.

पडद्यावर तिकडच्या दवाखान्याच्या खोलीत पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांचं बोलणं तिथली नर्स मराठीत सांगत होती. सुनेला त्यांच्याकडून बायकांच्या दुखण्यांबद्दल ऐकायचं होतं, ज्यांचा विषय घरातही कुणी काढत नाही अशा दुखण्यांबद्दल. "तुमचं नाव कुठेही येणार नाही," असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. त्या ढिम्म. मागे कुणीतरी असंच गोड बोलून सगळं ऐकून गेला होता आणि बाहेर जाऊन बोभाटा केला होता.

मला बघून त्यांतली सर्वांत थोरली काहीतरी बोलली. नर्स हसली. "त्या विचारतायत, ह्या कोण?"

"माझ्या सासूबाई," सून म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मग त्यांना बसवा म्हणतायत. ह्यांच्यात स्वतःची हमी स्वतः देत नाहीत. सोबत राहणारं माणूस देतं."

झाली का पंचाईत. मी खुर्ची ओढून बसले. पहिलाच प्रश्न आला, "हिच्या पोटात गोष्ट राहते का?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, "हिचं स्वयंपाकात लक्ष नसतं, उलट उत्तरं देते, ओला टॉवेल पलंगावर टाकते. पण मी हिला एकदा माझी एक गोष्ट सांगितली होती. ती अजून माझ्या मुलालाही कळलेली नाही."

तिकडे कुजबुज झाली. थोरलीने बोट सुनेकडे केलं. नर्स म्हणाली, "त्या तुम्हाला विचारतायत, कोणती गोष्ट?"

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचं सगळं काम पणाला लागलं होतं. तिच्या जागी मी असते तर सांगून मोकळी झाले असते.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "त्यासाठी तुम्ही मला नकार दिलात तरी चालेल."

नर्सने ते त्यांना सांगितलं. मग थोरली कॅमेऱ्याजवळ सरकून बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"त्या म्हणतायत, पहिलं दुखणं माझंच लिहून घे," नर्स म्हणाली.

मला रडू आलं. ही पोर आमच्या घरातली, याचा फार अभिमान वाटला. पुढचं ऐकायची इच्छा खूप होती, नाही कशाला म्हणू. पण ते तिच्या भरवशावर सांगितलं जात होतं. मी उठले, बाहेर आले आणि दार लावून घेतलं.