डाव्या मागच्या दिव्याचा संताप

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. एका लांबलचक, फिक्या हिरव्या, म्हाताऱ्या मोटारीचा डावा मागचा दिवा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. म्हाताऱ्यांनी गोड गोड बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझा जन्म भट्टीत झाला. काचकाम करणाऱ्या एका बाईनं लालभडक गोळा साच्यात दाबला, मला गार होऊ दिलं, खिडकीशी धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्याकडे बघून जो थांबणार नाही, तो आंधळाच." तेवढं एकच कौतुक मी आजवर उराशी धरून बसलो आहे. मग मला पितळेची वाटी मिळाली, भोवती चकचकीत कडं, रबराचा पट्टा आणि दोन स्क्रू. मधोमध बल्ब. बल्ब काय, येतात आणि जातात. दिवा म्हणजे मी.

माझ्या कामाची एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. माझ्या बल्बच्या पोटात दोन तारा असतात. एक मिणमिणती. अंधारात "इथे गाडी आहे बरं का" एवढंच ती सांगते. दुसरी झगझगीत. ब्रेक दाबला की ती "थांबा!" म्हणून ओरडते. या दोघींची अदलाबदल होऊ नये म्हणून बल्बच्या बुडाशी दोन बारीक खुंट्या असतात, एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे बल्ब एकाच बाजूनं बसतो. उलटा धरला तर बसत नाही. नाही म्हणजे नाहीच.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. तिला सगळे मावशी म्हणत, तिचे रोगीसुद्धा. दर तीन महिन्यांनी ती माझी काच उतरवायची, कोमट पाण्यानं धुवायची, स्क्रूंच्या आट्यांना बोटानं ग्रीस लावायची. मग गाडी पांढऱ्या भिंतीपर्यंत मागे घेऊन ब्रेक दाबायची आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघायची. काय उजेड पडायचा माझा! एकदा आम्ही माळावरच्या रस्त्यानं जात होतो. मावशीनं ब्रेक दाबला, तर आकाशातलं एक विमान माझ्या इशाऱ्यानं जागच्या जागी थांबलं. आतले प्रवासी खिडकीतून विचारू लागले, "पुढे काय झालंय?" खोटं वाटतं? वाटू द्या. विमानाला विचारून या.

पुढे मावशीचे गुडघे दुखू लागले. गाडी तिच्या भाच्याकडे गेली, आणि माझे भोग सुरू झाले.

या भाच्याला घरीदारी 'जमवराव' म्हणत, कारण कशालाही त्याचं उत्तर ठरलेलं, "जमवून टाकू!" टेबलाचा पाय मोडला, पुस्तकांची चळत लावून जमवलं. नळ गळायला लागला, फडकं बांधून जमवलं. गाडीचं मात्र त्याला भारी कौतुक. पॉलिशची तेरा डबडी होती त्याच्याकडे. पुढच्या दिव्यांना तो असा कुरवाळायचा की बघताना मला कसंतरी व्हायचं. दर रविवारी गाडी पुसायची, पुढे उभं राहून फोटो काढायचा. फोटो नेहमी पुढूनच! माझ्या काचेवर तो वरवर फडकं मारायचा. आत धूळ, पाणी, गंज. एका कोळ्यानं तर माझ्या पोटात संसार थाटला होता. त्याची चौथी पिढी तिथे नांदत होती.

उजवीकडे माझा जुळा भाऊ. त्याचा बल्ब गेला तेव्हा जमवराव म्हणाला, "डावा आहे ना अजून!" आणि वर्षभर तसाच हिंडला. मग एका रविवारी माझाही बल्ब गेला. आता दोन्हीकडे अंधार म्हटल्यावर स्वारी एकदाची माझ्यापाशी येऊन बसली.

आधी स्क्रू. तेलाचे चार थेंब सोडून तासभर वाट पाहिली असती, तर ते बापडे निमूट फिरले असते. यानं भलत्याच मापाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्यांची डोकी गुळगुळीत करून टाकली. मग हातोडी आणली. "हट्टी आहे लेकाचा!" हे कुणी म्हणावं? ज्यानं मला सात वर्षं उघडलं नाही त्यानं! कोळी सहकुटुंब पळाले. कसाबसा मी उघडलो, जुना बल्ब निघाला आणि त्यानं नवा बल्ब आत घातला.

उलटा.

बसेना. जोर लावला, बसेना. अहो, हातातली वस्तू अर्धी फिरवायची होती! तान्हं मूलही खुळखुळा फिरवून बघतं. हा गृहस्थ उठला, कानस घेऊन आला आणि बल्बची एक खुंटी त्यानं घासून सपाट केली. मग बल्ब ठोकून आत बसवला, हात झाडले आणि म्हणाला, "जमलं!" उजवीकडचा माझा भाऊ तसाच अंधारात राहिला.

आता ब्रेक दाबला की मिणमिणती तार पेटायची, आणि तीही भर उन्हात, धुळकट लाल काचेमागे. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, पण माझा आवाज फुटत नव्हता. आणि जमवरावाला हे कळणार कसं? तो पुढे बसायचा. मागे येऊन बघावं, कुणाला तरी विचारावं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अकराव्या दिवशी भर दुपारी त्यानं एकदम ब्रेक दाबला. मागून लाँड्रीची गाडी येत होती, इस्पितळाच्या धुतलेल्या चादरींनी भरलेली. ती चालवत होते चादरवाले काका. एकोणीस वर्षं चादरी पोचवून त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शपथेवर सांगतो, नीट पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही. धडाड! माझ्या जुळ्या भावाचा जागच्या जागी चुराडा झाला. चादरी इतक्या उडाल्या की वरून पाहणाऱ्याला गावात बर्फ पडलं असं वाटलं असतं.

"डोळे घरी ठेवून निघता का?" जमवराव गरजला.

"दिवा लागलाच नाही हो साहेब," काका म्हणाले. "लागला असता तर थांबलो नसतो का?"

"ही गाडी मी रोज पुसतो, रोज!"

लोकांनी पाहिलं. एकीकडे आरशासारखी लखलखीत मोटार, दुसरीकडे धडकेनं पोचे आलेली मळकी गाडी. कुणावर विश्वास बसला असेल? लाँड्रीच्या मालकानं काकांना सांगितलं, "तपासणीचे साहेब येऊन काय ते लिहू देत. चूक तुमची निघाली, तर उद्यापासून येऊ नका."

त्या संध्याकाळी जमवरावानं प्रथमच माझ्याबद्दल विचार केला. सीट आणि ब्रेक यांच्यामध्ये छत्री अडकवून तो मागे आला. मी मिणमिणलो. त्याचा चेहरा उतरला. मित्रांनो, इथे तरी त्यानं खरं बोलावं की नाही? तो पुटपुटला, "सकाळी नवा बल्ब टाकू. जमवून टाकू."

मी ठरवलं, आता बघच.

सकाळी पक्कड घेऊन तो आला. मी बल्बाचं बूड असं दाबून धरलं की गंजालासुद्धा माझा अभिमान वाटला असेल. त्यानं पिरगाळलं, बल्बची काच फुटली, बूड आतच. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून त्यानं कच्चा बटाटा कापून आत खुपसला आणि फिरवला. बटाट्याचा भुगा झाला. अकराला साहेब येणार होते. पावणेअकराला मावशी येऊन उभी राहिली, हातात काठी, खांद्याला पिशवी. अपघाताचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं.

"काय चाललंय रे?"

"काही नाही गं मावशी. बल्ब हट्टी आहे."

"सरक. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडातली हट्टी मुळं काढली मी."

तिनं पिशवीतून दात उपटायचा चिमटा काढला, तेलाचा थेंब सोडला, जरा थांबली, हलक्या हातानं डुलवलं. तिच्यापुढे मी कसला हट्ट करतोय! बूड अलगद बाहेर आलं. तिनं ते चष्म्याजवळ धरलं.

"ही खुंटी कुणी घासली?"

"बसत नव्हता ना..."

"अरे गाढवा, उलटा धरला होतास. अर्धा फिरवायचा!"

मग तिची नजर गाडीत गेली. ब्रेकवर छत्री अजून तशीच अडकलेली होती. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तुला काल कळलं होतं."

"मावशी, माझं लायसन जाईल गं."

"आणि त्याची रोजीरोटी?"

तिनं ते बूड रुमालावर ठेवलं आणि रुमाल गाडीच्या टपावर पसरला. साहेब आले. मागोमाग चादरवाले काका आणि त्यांचे मालक. जमवराव काहीतरी बोलला, इतकं हळू की साहेबांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"मोठ्यानं सांगा की," काका म्हणाले. "माझ्या मालकांना ऐकू जाईल असं. रस्त्यात ओरडलात तेव्हा चांगला खणखणीत होता आवाज."

जमवरावानं सगळं सांगितलं. उलटा बल्ब, कानस, छत्री, सगळं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि त्याचं लायसन खिशात घातलं. लाँड्रीचे मालक काकांना म्हणाले, "उद्या नेहमीच्या वेळेला या." काकांनी नुसती मान हलवली.

मावशीनं मला धुतलं, नवा बल्ब नीट बसवला. "ती छत्री काढ आणि ब्रेक दाब," ती भाच्याला म्हणाली. "काका, तुम्ही मागे उभे राहा आणि सांगा."

जमवरावानं दाबला. मी असा पेटलो की काकांचा सदरा लाल झाला. जमवरावानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"लागला का हो?"

"दिसलं नाही नीट. परत दाबा."

त्यानं परत दाबला.

"ऊन आहे हो. परत."

असा सतरा वेळा त्यांनी त्याच्याकडून ब्रेक दाबून घेतला. मी सतराही वेळा जीव लावून पेटलो. शेवटी काका माझ्याजवळ वाकले, खिशातल्या फडक्यानं माझी काच पुसली आणि म्हणाले, "लागतोय. ह्याचा काही दोष नव्हता." मग जमवरावाकडे न बघता ते चालू लागले.

माझा राग गेला का? नाही. थोडा मी मुद्दाम ठेवला आहे, तुमच्यासाठी. मित्रांनो, जो कायम तुमच्या पाठीमागे राहून तुमच्या वतीनं ओरडतो, त्याचं तोंड तुम्हाला बसल्या जागेवरून कधीच दिसणार नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, चार पावलं चालावं लागतं. तेवढं करा. आणि एखादी वस्तू बसत नसेल, तर तिला हट्टी म्हणण्याआधी, कानस शोधण्याआधी, मी हात जोडतो, मला हात नाहीत तरी जोडतो, ती एकदा फिरवून बघा.